चेहरा पुसला, नाव कुणाचे आले?

मित्रहो,

१७ जून २०२० रोजी अमेरिकेतल्या क्वेकर ओट्स कंपनीने जाहीर केले की, आपल्या तयार पिठाचे 'आंट जेमायमा' हे नाव आणि त्या नावाच्या डब्यावरचा कृष्णवर्णीय बाईचा हसरा चेहरा आता काढून टाकला जाईल. तीनच आठवड्यांपूर्वी, २५ मे रोजी, मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला होता आणि अमेरिकेतली गावेच्या गावे रस्त्यावर उतरली होती. क्वेकरच्या घोषणेच्याच आठवड्यात 'अंकल बेन्स' तांदूळवाल्यांनी आणि 'क्रीम ऑफ व्हीट' या सांज्याच्या कंपनीनेही आपापल्या खोक्यांवरच्या काळ्या माणसांच्या चित्रांचा फेरविचार करू असे सांगितले. काहींना वाटले, उशीर झाला पण बरे झाले. काहींनी विचारले, पिठाच्या डब्याने कुणाचे काय बिघडले होते?

मला हा दुसरा प्रश्न गंभीरपणे घ्यायचा आहे, कारण तो विचारणारे सगळेच वर्णद्वेषी नाहीत. त्यांत काही कृष्णवर्णीय कुटुंबेही आहेत. त्यांचे म्हणणे काय होते, ते पुढे सांगतो. आधी हा चेहरा आला कुठून ते पाहू.

मिझुरी राज्यात सेंट जोसेफ नावाचे गाव आहे. तिथे ख्रिस रट आणि चार्ल्स अंडरवुड या दोघांनी १८८८ साली एक गिरणी घेतली, पर्ल मिलिंग कंपनी. बाजारात पीठ उदंड झाले होते, भाव मिळत नव्हता. म्हणून १८८९ मध्ये त्यांनी पॅनकेकचे, म्हणजे त्या जाडसर गोड धिरड्यांचे, तयार पीठ काढले. पीठ होते, नाव नव्हते. रट एका मिन्स्ट्रेल खेळाला गेला. गोरे नट बुचाची काजळी तोंडाला फासून गुलामांची सोंगे आणत, त्यांच्या बोलण्याची, चालण्याची नक्कल करत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात हा करमणुकीचा सर्वांत लोकप्रिय प्रकार होता. त्या खेळात डोक्याला फडके बांधलेल्या स्वयंपाकिणीचे सोंग होते आणि 'ओल्ड आंट जेमायमा' हे गाणे होते. रटने ते नाव उचलले. म्हणजे कुणा खऱ्या सुगरणीचा गौरव म्हणून हे नाव पडले नाही. गोऱ्या पुरुषाने काळ्या बाईचे जे सोंग आणले होते, त्या सोंगाचे ते नाव आहे. या वादात उतरणाऱ्या प्रत्येकाने एवढी एक गोष्ट आधी समजून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

एक गुंता मात्र नोंदवला पाहिजे. ते गाणे लोकप्रिय केले बिली कर्सँड्स यांनी, आणि ते स्वतः कृष्णवर्णीय होते. रंगमंचावर उभे राहायचे असेल तर काळ्या कलावंतालाही तेच सोंग घ्यावे लागे. पोटाची वाट तीच एक उघडी होती.

रट आणि अंडरवुड यांना धंदा जमला नाही. १८९० मध्ये आर. टी. डेव्हिस यांनी तो विकत घेतला आणि त्यांच्या डोक्यात आले की, या नावाला जिवंत माणूस मिळाला पाहिजे. शिकागोत वॉकर नावाच्या कुटुंबाकडे नॅन्सी ग्रीन नावाची बाई स्वयंपाक आणि मुलांची देखभाल करत असे. तिचा जन्म १८३४ सालचा, केंटकीतल्या माँटगोमेरी परगण्यात, गुलामगिरीत झालेला. तिला कामावर ठेवले गेले, आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पिठाच्या अवाढव्य पिंपाच्या आकाराच्या मांडवाशी ती उभी राहिली. वय ५९. हाताने पॅनकेक भाजायचे आणि तोंडाने गोष्टी सांगायच्या.

कुठल्या गोष्टी? कंपनीने पत्रक छापले होते. त्यानुसार जेमायमा ही लुइझियानातल्या कर्नल हिग्बी नावाच्या मळेवाल्याची स्वयंपाकीण. मालकावर जीव टाकणारी, गुलामीत सुखी असलेली. ना तो कर्नल खरा, ना तो मळा. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त टोचते ते हे, की नॅन्सी ग्रीन खरोखर गुलामीत जन्मली होती. तिच्याकडे स्वतःची गोष्ट होती. ती सांगायला कुणी तिला पैसे देणार नव्हते. पैसे मिळणार होते ते सुखी गुलामाची खोटी गोष्ट सांगण्याचे.

आपल्याला १८९३ चे शिकागो म्हटले की विवेकानंद आठवतात. त्यांचे ते भाषण झाले ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. पण त्या आवारात आणखी दोन माणसे होती, त्यांचीही ओळख आपण ठेवावी. एक फ्रेडरिक डग्लस. स्वतः गुलामीतून पळून आलेले, अमेरिकेचे थोर वक्ते, तोवर पंचाहत्तरीला आलेले. दुसरी आयडा बी. वेल्स, तिशीची पत्रकार, लिंचिंगविरुद्ध एकटीने आघाडी उघडलेली. अमेरिकेच्या या भव्य प्रदर्शनाच्या कारभारात कृष्णवर्णीयांना स्थान नव्हते, म्हणून डग्लस उभे होते ते हैती देशाच्या दालनात, त्या देशाचे प्रतिनिधी म्हणून. तिथूनच वेल्स पत्रक वाटत होत्या: कृष्णवर्णीय अमेरिकन या प्रदर्शनात का नाही, याची कारणे सांगणारे. एकाच आवारात एकीकडे हे पत्रक आणि दुसरीकडे सुखी गुलामाचे पत्रक. गर्दी दुसऱ्या मांडवाकडे लोटली.

का लोटली? यादवी युद्ध संपून जेमतेम २८ वर्षे झाली होती. उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांना एकमेकांशी समेट करायचा होता, आणि त्या समेटासाठी अशी एक गोष्ट हवी होती की गुलामगिरी इतकी काही वाईट नव्हती. शिवाय मध्यमवर्गी घरांत हाताखालची माणसे परवडेनाशी होत होती. तयार पिठाच्या डब्याने सांगितले: स्वयंपाकीण नसली तरी हरकत नाही, ती डब्यात आहे, हसतमुख आहे, आणि पगार मागत नाही. पिठाची चव नंतर. आधी विकले गेले ते हे आश्वासन.

इथे मला महात्मा फुल्यांची आठवण होते. प्रदर्शनाच्या वीस वर्षे आधी, १८७३ मध्ये, पुण्यात बसून त्यांनी 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या सत्पुरुषांना, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. ज्या मुक्तीने फुल्यांना इकडे बळ दिले, तिचे मोल तिकडे वीस वर्षांत पिठाच्या पिंपाशेजारी कमी केले जात होते.

आता कायद्याकडे येऊ. एका सरबतवाल्याने, म्हणजे पॅनकेकवर ओतायच्या पाकाच्या व्यापाऱ्याने, हेच नाव आणि हेच चित्र वापरायला सुरुवात केली. पीठवाले कोर्टात गेले. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला की माल वेगळा असला तरी नाव आणि चेहरा पीठवाल्यांचाच. ट्रेडमार्कच्या कायद्यात हा निकाल आजही शिकवला जातो. त्या वेळी नॅन्सी ग्रीन हयात होती. चेहऱ्यावर मालकी असू शकते हे कायद्याला मान्य झाले. ती मालकी चेहऱ्याला जिवंत करणाऱ्या बाईची मात्र नव्हती. २०२० मध्ये समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरत होता की ती अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय लक्षाधीशांपैकी होती. तसा कुठलाही पुरावा नाही. म्हातारपणीही ती लोकांच्या घरी काम करत होती.

१९२३ साल पाहा. डिसेंबर १९२२ मध्ये अमेरिकेच्या सेनेटमध्ये लिंचिंगविरोधी विधेयक दक्षिणेच्या सदस्यांनी भाषणे लांबवून बुडवले होते. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच सेनेटने राजधानी वॉशिंग्टनमध्ये 'मॅमी'चा, म्हणजे गोऱ्यांची मुले वाढवणाऱ्या एकनिष्ठ काळ्या दाईचा, पुतळा उभारायला मंजुरी दिली. कृष्णवर्णीय वर्तमानपत्रे आणि महिला मंडळे संतापून उठली आणि पुतळा बारगळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॅन्सी ग्रीन शिकागोत मोटारीच्या धडकेने गेली. ओक वुड्स दफनभूमीत तिला पुरले; ९७ वर्षे त्या जागेवर नावाचा दगड नव्हता. २०२० च्या सप्टेंबरमध्ये तो बसला, तोही शिकागोतल्या ब्राँझव्हिल हिस्टॉरिकल सोसायटीच्या पाठपुराव्यामुळे.

मघाशी चहाच्या वेळी एकांनी मला विचारले, 'आंट', 'अंकल' म्हणण्यात अपमान कसला? आपण तर कामाला येणाऱ्या बाईंना मावशीच म्हणतो. प्रश्न प्रामाणिक आहे. दक्षिणेत गोरी माणसे काळ्या माणसाला मिस्टर, मिसेस म्हणत नसत. तरुण असेल तर नुसते नाव किंवा 'बॉय', म्हातारा झाला की 'अंकल', 'आंट'. नात्याचा शब्द वापरायचा तो मानाचा शब्द वापरावा लागू नये म्हणून. १९६३ मध्ये अलाबामातल्या गॅड्सडेनच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला सरकारी वकील नुसते 'मेरी' म्हणत राहिला. मला मिस हॅमिल्टन म्हणा, तोवर उत्तर देणार नाही, असे त्यांनी सांगितले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना दंड आणि कैद झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ मध्ये त्या जिंकल्या. आता मावशींचे. आपण मावशी म्हणतो आणि त्यांचा कप वेगळा ठेवतो, तेव्हा तो शब्द काय काम करतो, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. आणि हिंदी सिनेमात, जाहिरातींत धुणीभांडी करणारी बाई दिसली की ती मराठीच, लुगडे नेसलेली, तोंडाची फटकळ, हे पाहून आपल्याला जे वाटते ना, ते आठवले की समुद्रापलीकडच्या त्या बायकांचे दुखणे कळायला फार लांब जावे लागत नाही.

'अंकल बेन्स'ची गोष्ट तर कोकण-गोव्याच्या माणसाला अगदी जवळची आहे. हा तांदूळ म्हणजे आपला उकडा तांदूळच. भात टरफलासकट उकडायचे, वाळवायचे, मग कांडायचे. कोंड्यातला कस दाण्यात उतरतो. भारतात हे शतकानुशतके चालत आले आहे. एरिक हुझेनलॉब या रसायनतज्ज्ञाने त्याला यंत्राची जोड दिली, निर्वात टाकी आणि वाफ, आणि ह्यूस्टनमध्ये १९४० च्या दशकात त्याचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्याला पुरवला गेला. खोक्यावर चेहरा आला फ्रँक ब्राउन यांचा. ते शिकागोतल्या एका उपाहारगृहात पाहुण्यांची व्यवस्था पाहत. नाव मात्र 'अंकल बेन'. साळ उकडण्याची अक्कल एकाची, चेहरा दुसऱ्याचा, नाव तिसऱ्याचे, आणि नफा चौथ्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये ते बदलून 'बेन्स ओरिजिनल' करण्याचे जाहीर झाले.

आता विरोध करणाऱ्या कुटुंबांचे म्हणणे. नॅन्सी ग्रीननंतर ही भूमिका करायला आणखी बायका नेमल्या गेल्या. टेक्सासमधल्या हॉकिन्सजवळच्या लिलियन रिचर्ड यांनी १९२५ पासून दोन दशकांहून अधिक काळ ती केली. सिराक्यूजच्या ॲना शॉर्ट हॅरिंग्टन यांनी १९३५ पासून केली. २०२० मध्ये या दोघींच्या वंशजांनी जाहीरपणे सांगितले की, चेहरा पुसाल तर आमच्या आजी-पणजीचे कष्टही पुसले जातील. वर्णभेदाच्या त्या काळात एक काळी बाई गावोगाव फिरून स्वतःच्या कमाईवर उभी राहिली, याचा त्यांना अभिमान आहे. हा अभिमान खोटा ठरवण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. मिनेसोटातल्या 'लँड ओ लेक्स' या दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थेने लोण्यावरची मूलनिवासी तरुणी त्याच वर्षी काढली, तेव्हाही असेच झाले. ते चित्र १९५४ मध्ये पॅट्रिक डेजार्ले या ओजिब्वे चित्रकाराने नव्याने केले होते, आणि त्याच्या मुलाने लिहिले की माझ्या वडिलांनी तिच्यात आमच्या लोकांच्या खुणा भरल्या होत्या. लोक म्हणू लागले: मूलनिवासी हटवली, जमीन तेवढी ठेवली.

तरीही मी चेहरा काढण्याच्या बाजूचा आहे. १९६८ मध्ये जेमायमाचे फडके काढून पट्टी बांधली, बाई सडपातळ आणि तरुण केली. १९८९ मध्ये पट्टीही गेली, मोत्याच्या कुड्या आणि झालरीची कॉलर आली. सोंग सजवले, सोंगच राहिले. आशियात विकल्या जाणाऱ्या 'डार्की' टूथपेस्टने १९८९ मध्ये एक अक्षर बदलून 'डार्ली' केले. चिनी नाव मात्र 'काळा माणूस टूथपेस्ट' असेच पुढे तीस वर्षांहून जास्त चालू ठेवले. रंगरंगोटीने हे प्रश्न सुटत नाहीत. नाव जायलाच हवे होते.

माझी तक्रार पुढची आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवे नाव जाहीर झाले: पर्ल मिलिंग कंपनी. सोंग उचलून डब्यावर चिकटवणाऱ्या त्या दोन गिरणीवाल्यांचे नाव. कित्येक दशके ज्या बायका मांडवांत उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीचेही नाव डब्यावर आले नाही; चित्र आले ते गिरणीचे. ॲना हॅरिंग्टन यांच्या वंशजांनी २०१४ मध्ये मोबदल्यासाठी दावा लावला होता, तोही टिकला नाही. कंपनीने २०२० मध्ये कृष्णवर्णीय समाजासाठी पाच वर्षांत किमान ५० लाख डॉलर देऊ असे जाहीर केले. ते चांगलेच. पण वंशजांचे मागणे देणगीचे नव्हते. आमची बाई इथे काम करत होती, हे लिहा, आणि तिच्या कामाचे जे होते ते द्या, असे ते म्हणत होते. दोन्ही गोष्टी अजून करता येण्यासारख्या आहेत. नॅन्सी ग्रीन, लिलियन रिचर्ड, ॲना शॉर्ट हॅरिंग्टन: डब्याच्या मागच्या बाजूला पोषणमूल्यांचा तक्ता मावतो, तिथे ही तीन नावेही मावतील.