इन्क्लूड फसलं तर पान काय सांगतं?

नमस्कार मंडळी! पावसाळ्यात सांगलीत सगळ्यांना एकच आकडा हवा असतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आहे? ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. समजा, हा आकडा दाखवणारं छोटं पान आपण पीएचपीत करतोय.

आकडा वेगळ्या फाइलमधून येतो, ती आपण इन्क्लूड करतो, म्हणजे तिचा कोड या पानात ओढून घेतो. पुढे साधी अट. पातळी ४५ किंवा जास्त असेल तर ‘धोका’, ४० किंवा जास्त असेल तर ‘इशारा’, नाहीतर ‘पाणी इशारा पातळीखाली’.

आता ती फाइलच सापडली नाही. इन्क्लूड फक्त वॉर्निंग देतं आणि स्क्रिप्ट पुढे चालू राहते. पातळीचं व्हेरिएबल तयारच झालेलं नाही, म्हणून पीएचपी ते नल, म्हणजे ‘काहीच नाही’, धरतं. नलची ४५ शी तुलना करताना दोन्ही बाजूंचं बूलियन, म्हणजे नुसतं खरं-खोटं होतं, इकडे फॉल्स, तिकडे ट्रू. दोन्ही अटी खोट्या ठरतात आणि पानावर येतं, ‘पाणी इशारा पातळीखाली’. लाइव्ह सर्व्हरवर डिस्प्ले एरर्स हे चुका पानावर दाखवणारं सेटिंग बंद असतं, असायलाच हवं, त्यामुळे वॉर्निंग कुणाला दिसतही नाही. सूर्यवंशी प्लॉटात, कर्नाळ रोडला माणसं सामान हलवायचं की नाही ते असल्या आकड्यावर ठरवतात. म्हणून मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो.

मग सगळीकडे रिक्वायर लिहायचं? रिक्वायरला फाइल मिळाली नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. ज्या फाइलवाचून पुढचं सगळंच निरर्थक, तिथे हेच बरोबर. पण आपल्या पानावर खाली मदतीचे फोन नंबरही आहेत. पुराच्या दिवशी तेही गायब झालेले चालणार नाहीत.

इथे मी असं करेन. पातळीची फाइल व्हेरिएबल बनवणार नाही, रिटर्न करून अ‍ॅरे देईल, म्हणजे किमतींचा एक संच. इन्क्लूडचं उत्तर आपण व्हेरिएबलमध्ये घ्यायचं आणि इझ अ‍ॅरेनं तपासायचं. फाइल मिळाली नाही तर इन्क्लूड फॉल्स देतं, मिळाली पण आत रिटर्न विसरलं तर १ देतं. एकाच तपासणीत दोन्ही सापडतात. अ‍ॅरे नसेल तर एरर लॉगमध्ये नोंद आणि पानावर ठळक अक्षरांत ‘पातळीची माहिती सध्या उपलब्ध नाही’. अ‍ॅरेत आकड्यासोबत मोजल्याची वेळही ठेवा, कालचा आकडा आजचा म्हणून जायला नको.

इन्क्लूडच्या आधी अ‍ॅटचं चिन्ह लावून वॉर्निंग दाबू नका. ‘का सापडली नाही’ हे तीच सांगते.

बहुतेक वेळा कारण पाथचं, म्हणजे फाइलच्या पत्त्याचं असतं. टिंब-स्लॅशनं सुरू होणारा पाथ तुमच्या फाइलच्या फोल्डरपासून मोजला जात नाही, स्क्रिप्ट ज्या फोल्डरमधून चालू झाली तिथून मोजला जातो. ब्राउझरमध्ये चालणारं पान क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवलं की, फसतं ते यामुळे. पाथच्या आधी अंडरस्कोरवालं डीआयआर (__DIR__), म्हणजे त्या फाइलचं स्वतःचं फोल्डर लावा, स्क्रीनवर दिसतंय तसं. दुसरं, विंडोजवर झॅम्पमध्ये, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरच्या सर्व्हरवर चालतं आणि लिनक्स होस्टिंगवर नाही, तर फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल अक्षर आधी बघा.

आणि युआरएलमधून आलेलं नाव थेट इन्क्लूडला कधीच देऊ नका. सर्व्हरवरची भलतीच फाइल कुणीही उघडेल. चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्येच ठेवा, यादीत नसेल ते नाकारा.

आता साइटच्या टेस्ट कॉपीवर पातळीच्या फाइलचं नाव बदला, पान रिफ्रेश करा आणि काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा.