नखांची टकटक : रहस्यकथेतील प्राणिमित्र

मित्रहो, ‘कोझी मिस्ट्री’ची ओळख आपल्याला करून द्यायला नको. खून पडद्याआड होतो, रक्त फारसे सांडत नाही, संशयित सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात आणि छडा पोलीस नव्हे, तर एखादा चौकस शेजारी लावतो. या शेजाऱ्याच्या जागी भटकी जनावरे वाचवणारा प्राणिमित्र आणून बसवावा, हा माझा जुना हट्ट असून आज मी तो सप्रमाण मांडणार आहे.

आधी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ एका कुत्रीला घेऊन आमच्याकडे आले आणि मोठ्या कळवळ्याने म्हणाले, ‘‘सहा महिने रस्त्यावर भटकते आहे बिचारी, आपण ठेवून घ्या.’’ मी काही बोलण्यापूर्वीच ती फरशीवरून चालू लागली आणि नखांची टकटक ऐकू आली. रस्त्यावर वावरणाऱ्या कुत्र्याची नखे खरबरीत जमिनीवर घासून आखूड राहतात; हिची चांगली वाढून पुढे वळली होती. मानेभोवतीचे केस बोटभर रुंदीच्या कड्यात दबलेले होते, म्हणजे पट्टा नुकताच उतरवलेला असावा. गृहस्थांनी बाहेर जाऊन स्कूटर सुरू केली, तशी ती दाराशी धावली आणि शेपूट हलवत स्कूटरवरच्या पाय ठेवायच्या जागेकडे पाहू लागली. मी सहज विचारल्यासारखे विचारले, ‘‘नाव काय हिचे?’’ ते म्हणाले, ‘‘राणी.’’ त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. (आपण हसलात, मला तेव्हा हसू आले नव्हते.)

आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९२ सालच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या शेरलॉक होम्सच्या कथेतला, रात्री न भुंकलेला कुत्रा आपल्याला आठवत असेलच. आलेला माणूस ओळखीचा होता, म्हणून तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याचा अर्थ लावणे हे माणसाचे काम होते. पुढच्या काही लेखकांनी मात्र मांजरालाच गुप्तहेर केले, ही माझी तक्रार आहे. मांजर पुराव्याचा कागद पंजाने पुढे सरकवते म्हणे! माझ्या मांजराने आजवर फक्त फुलदाणी सरकवली आहे, तीही टेबलाच्या कडेपलीकडे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा धावतच सांगतो. हौशी गुप्तहेराला परक्या आवारात शिरायला निमित्त लागते. प्राणिमित्र रात्री दोन वाजता टॉर्च आणि पिंजरा घेऊन सापडला, तरी लोक वैतागतात, संशय घेत नाहीत. शिवाय त्याला वेळेचा हिशेब जनावरांच्या अंगावर वाचता येतो. मांजराच्या पिल्लांचे डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. महिनाभर कुलूप असल्याचे सांगितलेल्या घरात डोळे मिटलेली, पोट भरलेली पिल्ले निघाली, तर त्यांची आई ये-जा करते आहे, म्हणजे कुठेतरी वाट आहे, आणि बंद खोलीचे कोडे तिथून सुटू लागते. पाळीव जनावराच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपवर स्कॅनर फिरवला की १५ आकडी क्रमांक दिसतो, पण मालकाचे नाव चिपमध्ये नसते, नोंदणीत असते. ती नोंद बदलायची राहून गेली असेल, तर भलत्याच माणसावर संशय जाऊन लेखकाची दोन प्रकरणे सहज निघतात.

जाता जाता एक विनंती करतो. घाबरून पळालेले मांजर हाक मारताच धावत आले, असे कृपया लिहू नका. ते बहुधा जवळपासच, चकार आवाज न करता दडून बसते, आणि त्यासाठी आपल्या नायिकेला गालाला माती लावून प्रत्येक गाडीखाली टॉर्च मारावी लागते. तिथे मांजराखेरीज आणखी काय पडले आहे, ते तिला तेव्हाच दिसू द्या.