विड्या मोजता येतात, निबंध?

[दृश्य : कुंभारी, गोदूताई परुळेकर घरकुल वसाहत. सकाळ. उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई. फक्त हात दिसतात.]

निवेदन :

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की कुंभारी लागतं. विडी वळणाऱ्या बायकांची ही दहा हजार घरांची वसाहत. इथला दिवस आकड्यांवर चालतो. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर.

पण हजार वळल्या म्हणून हजाराचे पैसे मिळतीलच असं नाही. कारखान्यात तपासणारा बसलेला असतो. तो जुडी उचलतो, बोटांनी दाबून बघतो. ही सैल आहे, ही आखूड, हिचं पान फाटलंय. ठेव बाजूला. किती वळल्या हे मोजता येतं, किती चांगल्या वळल्या हे तो ठरवतो. मोजणं वेगळं आणि ठरवणं वेगळं, हे या बाईला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

आतल्या खोलीत मुलगी दहावीचा अभ्यास करतेय. तिच्याही कामाची अशीच तपासणी व्हायची आहे.

[दृश्य : उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. दोरी सुटते.]

सोलापूर जिल्ह्यातली दहावीची मुलं पुणे विभागीय मंडळाखाली येतात. पेपर संपला की उत्तरपत्रिका परीक्षकाकडे जाते, तिथून नियामकाकडे. परीक्षकाला नमुना उत्तरं दिलेली असतात. नियामक त्याच्या गठ्ठ्यातले काही पेपर पुन्हा बघतो, हात फार सैल किंवा फार घट्ट असेल तर सांगतो. भूमितीत हे बऱ्यापैकी जमतं. आकृतीला एक, पक्षाला अर्धा, कारण लिहिलं की अर्धा. निबंधाला मात्र आठ गुण आहेत आणि नमुना उत्तर नाही.

मी स्वतः काही वर्षं पेपर तपासलेत, तेव्हा एक कबुली देतो. सराव परीक्षेचा गठ्ठा होता. सलग सहा निबंध रद्दी लागले. सातवा बरा निघाला, आणि मी खुशीत त्याला आठपैकी सात देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचला तर पाचाच्या वर जाईना. मी सातच ठेवले. कमी करायला लाल पेन उचलेना. त्या मुलाला जादाचे दोन गुण मिळाले ते आधीच्या सहाजणांमुळे.

[दृश्य : जुनी छापील पानं, आकड्यांचे तक्ते.]

हे दुखणं जुनं आहे. १८८८ साली फ्रान्सिस एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञानं परीक्षांच्या गुणांना संख्याशास्त्र लावलं. दुर्बिणीतून तारा बघणाऱ्या दहाजणांची दहा मापं येतात, मग आपण सरासरी धरतो. त्याचं म्हणणं असं की पेपराचंही तेच. जाणत्या परीक्षकांच्या मतांची सरासरी म्हणजे खरा गुण, आणि एकट्या परीक्षकाचा आकडा त्याच्या आसपास कुठंतरी पडलेला.

मग अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीचा एकच पेपर १४२ शिक्षकांकडून तपासून घेतला. शंभरपैकी कुणी ६४ दिले, कुणी ९८. लोक म्हणाले, भाषेचा विषय, चालायचंच. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला. तिथं तर अंतर आणखी वाढलं! एकाच उत्तरपत्रिकेला खाली २८ आणि वर नव्वदच्या पुढं. नीटनेटकेपणाचे गुण कापायचे का, रीत बरोबर पण उत्तर चुकलं तर किती द्यायचे, हे प्रत्येकानं आपापलं ठरवलं होतं. मघाशी भूमितीला झुकतं माप दिलं ते एवढ्यासाठी परत घेतो. नमुना उत्तर हातात नसेल तर भूमितीचाही निबंध होतो.

[दृश्य : ओएमआर शीट. काळे होत जाणारे गोल.]

उपाय कुणालाही सुचेल असाच निघाला. माणूस बाजूला काढा. १९१४-१५ च्या सुमाराला फ्रेडरिक केली यांनी पर्यायी उत्तरांची चाचणी केली. पुढं मिशिगनचा एक शाळामास्तर, रेनॉल्ड जॉन्सन, यानं हेरलं की पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते. म्हणतात की पोरवयात बहिणीला भेटायला येणाऱ्यांच्या मोटारीच्या स्पार्क प्लगवर पेन्सिल फिरवून तो गाडी बंद पाडायचा. त्याच युक्तीवर आयबीएमचं गुण मोजणारं यंत्र १९३८ मध्ये बाजारात आलं. आजचं यंत्र वीज नाही, उजेड वापरतं. शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेपासून डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या ‘नीट’पर्यंत तेच गोल.

यंत्राला झोप येत नाही, अक्षर आवडत नाही. पण चार पर्यायांतला कुठला बरोबर, हे यंत्रानं ठरवलेलं नसतं. ते प्रश्न काढणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. निवाडा गेला नाही, नुसता जागा बदलून बसला.

आणि अंदाजपंचे? नीटमध्ये बरोबर उत्तराला ४, चुकलं तर वजा १. चार प्रश्नांवर डोळे मिटून गोल केले तर सरासरी एक बरोबर, तीन चूक. ४ वजा ३, उरला १. म्हणजे ठोकणाऱ्याच्या पदरात थोडं पडतंच. हिशेब शून्यावर आणायचा तर चुकीला बरोबरच्या एक तृतीयांश कापावे लागतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत तसं कापतात. राज्याच्या प्रवेश परीक्षेत, एमएचटी-सीईटीत, काहीच कापत नाहीत, तिथं गोल रिकामा सोडणं हा शुद्ध वेडेपणा.

[दृश्य : चौकातला फ्लेक्स. हसरे चेहरे, मोठे आकडे.]

सीईटीच्या निकालानंतर सोलापुरात असे फ्लेक्स लागतात. ‘९२ पर्सेंटाइल’ वाचून काका पेढे वाटतात आणि गावभर सांगतात, पोराला ९२ टक्के पडले. नाही काका. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, ती रांगेतली जागा आहे. बसलेल्या शंभरातले ९२ त्याच्याइतके किंवा त्याच्या मागं, आठ पुढं. समजा तीन लाख बसले असतील तर पुढची आठ टक्के म्हणजे चोवीस हजार मुलं. एवढा खटाटोप का, तर परीक्षा अनेक सत्रांत होते. सकाळचा पेपर अवघड निघाला, दुपारचा सोपा, तर नुसत्या गुणांची तुलना अन्याय ठरेल. म्हणून ज्याची त्याची जागा ज्याच्या त्याच्या सत्रात. इथं निवाडा आणखी लांब सरकला. तुमचा आकडा तुमच्या शेजारी कोण बसलं होतं यावर आला.

शाळेतल्या श्रेणींबद्दल फार बोलत नाही. ९१ ला अ-१, ९० ला अ-२. एका गुणावर भिंत घातली की भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखीच पोरं सापडणार.

[दृश्य : एक टेबल, लाकडी ठोकळे, चित्रांची पत्ती. समोर लहान मुलाचे हात.]

आता ज्या आकड्यानं माणसाला नाव पडतं, तो. बुद्ध्यांक.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची मुलांची बुद्धी मोजायची चाचणी १९०५ ची. नंतरच्या स्टॅनफर्ड आवृत्तीत तीन ते दहा या प्रत्येक वयाचे सहा प्रश्न, प्रत्येकाला दोन महिने. मूल कुठल्या वयाचे सगळे प्रश्न सोडवतं ते धरायचं, पुढं जेवढे जमतील तेवढे महिने मिळवायचे. ते झालं मानसिक वय. त्याला खऱ्या वयानं भागून शंभरनं गुणायचं. दहा वर्षांच्या मुलाचं मानसिक वय आठ आलं तर बुद्ध्यांक ८०. चाळिशीच्या माणसाला हे गणित लागू पडेना, कारण मानसिक वय काही जन्मभर वाढत नाही. म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांनी १९३९ मध्ये भागाकार सोडला. त्याच वयाच्या लोकांची सरासरी म्हणजे १००, आणि साधारण दोनतृतीयांश माणसं ८५ ते ११५ च्या मधे.

सोलापूरला यातलं जवळचं नाव व्ही. व्ही. कामत यांचं. १९३० च्या दशकात त्यांनी बिनेची चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. नुसतं भाषांतर केलं असं नाही. इथल्या मुलांना कुठल्या वयात काय येतं हे तपासून प्रश्नांची वयं लावली. परक्या मुलांच्या मापानं आपली मुलं मोजायची नाहीत, एवढा साधा हट्ट.

पण या वसाहतीत मूल घरी तेलुगू बोलतं, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हींची भेळ. कानडी आणि उर्दू कानावर असतेच. या मुलाला कुठल्या भाषेत विचारायचं? शब्दाचा अर्थ आला नाही, तर बुद्धी कमी की शब्द दुसऱ्या भाषेतला? मार्गदर्शिकेत याचं उत्तर नसतं. चांगला मानसशास्त्रज्ञ तिथं थांबतो, ठोकळे आणि चित्रं पुढं करतो आणि अहवालात नुसता आकडा न लिहिता चार ओळी लिहितो. घाईतला माणूस आकडाच लिहितो.

[दृश्य : पुन्हा तोच उंबरा. निकालानंतरची दुपार.]

निकाल मनासारखा नसेल तर दोन वाटा असतात. गुणपडताळणी, म्हणजे बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का एवढंच बघायचं. आणि पुनर्मूल्यांकन, म्हणजे दुसऱ्या नजरेनं पुन्हा ठरवायचं. त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते.

मुलीनं छायाप्रत मागवली आहे. सूप बाजूला सारून आई पानं उलटते. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, समासातले आकडे कळतात. बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवत ती बेरीज धरते.

ओकटी, रेंडू, मूडू...

बेरीज बरोबर आहे. निबंधाच्या पानावर तिचं बोट थांबतं. आठपैकी चार. ती मुलीकडं बघते आणि ते पान वाचून दाखवायला सांगते.