शेडवर पंधरा मिनिटांत निदान: पट्टीवरची रेघ वाचायची कशी?

नमस्कार मंडळी! ही रॅपिड किट. कोरोनात घरोघरी पोहोचली होती तशीच, फक्त स्वॅब कोंबडीच्या श्वासनळीतून नाहीतर गुदद्वारातून घ्यायचा.

सकाळी शेडमध्ये मर वाढलेली दिसली की पहिला प्रश्न: मानमोडी, म्हणजे रानीखेत, की बर्ड फ्लू? लक्षणांवरून ठरवायला जाल तर फसाल. पक्षी मलूल, अंडी घटलेली, घशात घरघर, हिरवट हगवण, हे दोन्हींत. मान वाकडी झाली की आपण बेधडक मानमोडी म्हणतो, पण बर्ड फ्लूतही मान वाकडी होते. तुरा जांभळा, तोंड सुजलेलं, पायांवर लाल डाग असतील तर बर्ड फ्लूचा संशय वाढतो. तीव्र साथीत मात्र एवढंही दिसत नाही, पक्षी थेट मरून पडतात.

म्हणून किट. स्वॅब द्रावणात घुसळा, थेंब पट्टीवर टाका, पंधरा मिनिटं थांबा. विषाणूचं प्रथिन असेल तर 'टी'पाशी (टेस्ट) रेघ उमटते. 'सी'पाशी (कंट्रोल, म्हणजे पट्टी नीट चालल्याची खूण) रेघच नसेल तर ती पट्टी बाद.

आता किट विकणारा सहसा सांगत नाही ते ऐका. पट्टीला विषाणू भरपूर लागतो. हाताला आली ती धडधाकट कोंबडी तपासून 'निगेटिव्ह' म्हणू नका. आजारी किंवा नुकते मेलेले पक्षी निवडा, आणि एकावर भागवू नका. दुसरं, बहुतेक फ्लू किट 'इन्फ्लुएंझा ए' हा विषाणूंचा गट एवढंच ओळखतात, त्यातला प्रकार नाही. आपल्याकडे फिरणारा सौम्य एच९एन२ असो की घातक एच५एन१, रेघ तीच. आणि मानमोडीच्या किटवर रेघ आली तर आधी लसीकरणाची वही उघडा. नुकतीच लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, दिली असेल तर ती रेघ लशीच्या जिवंत विषाणूचीही असू शकते.

पट्टी आणि प्रयोगशाळा यांच्या मधला मार्ग म्हणजे लॅम्प चाचणी, ती विषाणूच्या जनुकीय अंशाच्या प्रती वाढवून तो ओळखते. साधारण ६० ते ६५ अंशांवर, एकाच तापमानात, तासाभरात होते. पीसीआरचं महागडं यंत्र लागत नाही, पण हात स्वच्छ हवा. जरा सांडलं की खोटे पॉझिटिव्ह सुरू.

बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब मात्र भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेतच होतं. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, २०२१ मध्ये तो परभणीतल्या मुरुंब्याला आढळला. दोन्ही वेळा हजारो पक्षी नष्ट करावे लागले. एवढा निर्णय पट्टीवर कोण घेणार?

रेघ येवो न येवो, मर वाढली की पक्षी, अंडी, ट्रे, खत, गाडी, काहीच बाहेर जाऊ देऊ नका. मेलेला पक्षी स्वतः फाडून बघू नका, हा आजार माणसालाही होतो. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय स्वॅबही नको. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

'कळवलं तर सगळा शेड जाईल' म्हणून गप्प बसणारे मला भेटतात. हिशेब उलटा आहे. बर्ड फ्लूची नुकसानभरपाई सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. फोन करताना बॅचचं वय, रोजची मर आणि शेवटच्या लशीची तारीख हाताशी ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतील.