फेस न येणारं पाणी

(दृश्य : दर्यापूर तालुका. काळी जमीन, पऱ्हाटीचं शिवार. शाळेच्या आवारातला हातपंप.)

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. इथलं भूजल खारं. त्यातले क्षार साबणाला फेस धरू देत नाहीत, हातावर नुसता चिकट साका राहतो.

15 ऑक्टोबरला जागतिक हातधुणे दिन असतो. 2008 पासून. प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, आणि भिंतीवरचा तक्ता सांगतो : 20 सेकंद फेस चोळा.

"फेस आला तं ना, मॅडम!"

पोरं खोटं बोलत नाहीत. नळाला गोडं पाणी येतं, पण कधी येईल त्याचा नेम नाही.

(दृश्य : टिनाचं छप्पर, पन्हाळ, खाली ड्रम.)

पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, की हिशेबाने 1000 लिटर पाणी. मुलं हे गणित फळ्यावर सोडवतात. पहिल्या सरी धूळ आणि पाखरांची घाण धुऊन आणतात, त्या वाहू द्यायच्या. पुढचं पाणी ड्रममध्ये. प्यायला नाही, हात धुवायला.

ते पुरवायचं, तर नळ पायाने चालणारा हवा. दोन खुंट, आडवी काठी, सुतळी आणि भोक पाडलेली कॅन. पाय दाबला की कॅन कलते, बारीक धार पडते. खिचडीआधी इथं रांग लागते, ढकलाढकलीसकट.

(दृश्य : शेताच्या बांधावर पडलेल्या रिकाम्या कॅन.)

खरी गोम कॅनमध्ये आहे. कापसाच्या गावात सहज हाती लागते ती तणनाशकाची, नाहीतर कीटकनाशकाची. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. तरी अशी कॅन विसळून पाण्याला वापरणारी घरं आहेतच.

म्हणून इथं साबणाआधी लेबल शिकवावं लागतं. लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे बिनधोक, असं मोठ्यांनाही वाटतं. तेही विषच, कमी जहाल एवढंच. फवारणारा मोठा माणूस ही कॅन तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओततो, मग तिला भोकं पाडतो. पोरांनी हात लावायचा नाही, नुसतं ओळखायचं.

आता मुलं घरच्या मोरीत, गोठ्यात त्रिकोण शोधत फिरतात. "धडधाकट कॅन फेकायची काऊन?" आजी विचारते. प्रश्न रास्त आहे. म्हणून शाळेत पोषण आहाराच्या तेलाच्या रिकाम्या कॅन धुऊन ठेवल्यात. घरातली त्रिकोणवाली कॅन बाद केली, की त्यातली एक न्यायची.