नकाशा भिंतीवरून उतरवा

[दृश्य: माण तालुक्यातला माळ. जिल्हा परिषदेची शाळा, मैदानात रोवलेली काठी.]

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा माण तालुका. जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता तिसरी. मैदानात एक मीटर उंचीची काठी रोवली आहे. बारा वाजून गेलेत आणि मुलं काठीच्या सावलीच्या टोकाशी खडे ठेवतायत. दर पाच मिनिटांनी एक खडा. सावली आखडत जाते, थोडा वेळ तिची लांबी जवळजवळ बदलत नाही आणि मग ती पुन्हा लांबायला लागते. सगळ्यांत आखूड सावली ज्या रेषेत पडली, ती उत्तर-दक्षिण रेषा. माणमध्ये ही वेळ साडेबाराच्या आसपास येते, बाराला नाही. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशावरची वेळ दाखवतात आणि माण त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. मुलांना आत्ताच रेखांश शिकवायची घाई नको. सूर्य आकाशात सगळ्यांत उंच यायची वेळ आणि घड्याळातले बारा वेगवेगळे आहेत, हे त्यांनी स्वतः पाहिलंय, तेवढं पुरे.

उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहा: समोर पूर्व, पाठीशी पश्चिम, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. हे आपण सगळेच शिकलो आणि ते उपयोगाचंही आहे. पण सूर्य अगदी नेमका पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. जूनमध्ये महाराष्ट्रात तो सुमारे 25 अंश उत्तरेकडे सरकून उगवतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे. ज्या शाळेच्या पूर्वेला डोंगर आहे, तिथल्या मुलांना हे पाहायला काहीच लागत नाही. जूनमध्ये सूर्य कुठल्या शिखराआडून आला, दिवाळीनंतर कुठल्या खिंडीतून आणि संक्रांतीला कुठल्या झाडामागून, एवढं परिपाठाच्या वेळी पाहून कागदावर टिपत गेलं की उत्तरायण आणि दक्षिणायन डोळ्यांसमोर घडतं.

काठीची सावलीही हेच सांगते. साताऱ्याच्या अक्षांशावर 22 डिसेंबरला माध्यान्ही एक मीटरच्या काठीची सावली सुमारे 87 सेंटिमीटर लांब पडते, उत्तरेकडे. 21 जूनला ती जेमतेम 10 सेंटिमीटर उरते आणि पडते दक्षिणेकडे! अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून सूर्य अगदी आपल्या डोक्यावरून वर्षातून दोनदा जातो. साताऱ्यात एकदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये शाळेला सुट्टी असते, ऑगस्टमध्ये बहुतेक ठिकाणी आभाळ भरलेलं असतं. माणमध्ये मात्र ऑगस्टमध्येही ढगांतून ऊन पडतं. ज्या कोरडेपणानं या तालुक्याला इतकं छळलंय, तोच या एका धड्याला कामी येतो.

[दृश्य: दोन मुली भिंतीवरचा नकाशा खिळ्यावरून काढतात.]

आता नकाशा. बहुतेक वर्गांत तो फळ्याशेजारी टांगलेला असतो आणि तिथेच गोंधळाला सुरुवात होते. टांगलेल्या नकाशात उत्तर छताकडे आणि दक्षिण फरशीकडे. मुलाच्या अनुभवात वर म्हणजे चढ आणि खाली म्हणजे उतार. त्यामुळे नकाशात जे वर ते उंचावर, अशी त्याची समजूत होते आणि नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडेच वाहत असणार असंही त्याला वाटायला लागतं. महाबळेश्वरला जायचं तर घाट चढावा लागतो हे त्याला ठाऊक आहे. जिल्ह्याच्या नकाशात मात्र महाबळेश्वर डावीकडे दिसतं. दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

उपाय साधा आहे. नकाशा खाली उतरवायचा, मैदानात अंथरायचा आणि सावलीनं काढलेल्या उत्तर-दक्षिण रेषेवर त्याची उत्तर जुळवायची. मुलं भोवती बसतात. नकाशातलं महाबळेश्वर ज्या दिशेला, खरं महाबळेश्वरही त्याच दिशेला. बोट दाखवलं की बोटाच्या पुढे खरोखरचा डोंगर असतो. पहिली-दुसरीपासून पाचवीपर्यंत नकाशाची ओळख अशीच, जमिनीवर व्हावी. तो भिंतीवर परत जायला हरकत नाही, पण दिशा मनात पक्क्या झाल्यावर.

नकाशा वाचण्याआधी तो काढता यायला हवा. तिसरीतल्या मुलाला वर्गाचा नकाशा काढायला सांगितला की ते टेबल काढतं, मध्ये चौकोन आणि चारही बाजूंना फाकलेले चार पाय. याला चूक म्हणून लाल शाईनं खोडणं अन्यायाचं आहे. टेबलाला पाय आहेत हे त्याला माहीत आहे आणि माहीत असलेलं लपवायला ते तयार नाही. वरून पाहिलं तर काय दिसेल, हा प्रश्न त्याला अजून पडलेलाच नाही. म्हणून बाई मुलांना काड्यापेट्या देतात. कागदावर काड्यापेट्यांचा वर्ग मांडायचा: ही टेबलाची, ही कपाटाची, ही माझ्या बसण्याची जागा. मग प्रत्येक काड्यापेटीच्या कडेनं पेन्सिल फिरवायची आणि पेटी उचलायची. कागदावर उरतो तो आराखडा. त्यानंतर शाळा ते ओढा हे अंतर पावलांनी मोजायचं, शंभर पावलांना कागदावर एक बोट. प्रमाण हा शब्द पाचवीत आला तरी चालेल, त्याची रीत मात्र आत्ताच हाताखालून जाते.

[दृश्य: तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक.]

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणात एक फार चांगली गोष्ट आहे आणि तिचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. भूगोल हा स्वतंत्र विषय सहावीपासून सुरू होतो. त्याआधी तो परिसर अभ्यासात मिसळलेला असतो. बालभारतीनं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं छापलं. गडचिरोलीच्या मुलाच्या हाती गडचिरोली, सिंधुदुर्गच्या मुलाच्या हाती सिंधुदुर्ग. चौथीत महाराष्ट्र. गाव पायाखालचं असतं, पृथ्वी कल्पनेतली. या दोहोंच्या मधलं, एसटीनं एका दिवसात जाऊन येण्याजोगं अंतर म्हणजे जिल्हा. मोठ्या जगाची तयारी इतक्याच अंतरात होते.

आणि सातारा जिल्हा तर शिकवणाऱ्याला मिळालेलं वरदानच आहे. अकरा तालुक्यांची नावं पाठ करून घेण्यात त्याला वाया घालवू नये.

[दृश्य: शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर रंगानं आखलेल्या खुणा.]

ही भिंत पाहा. निळी खूण जमिनीपासून सुमारे अर्धा मीटरवर आहे, तिसरीतल्या मुलाच्या मांडीपर्यंत. माणमध्ये वर्षभरात साधारण एवढा पाऊस पडतो, पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आता महाबळेश्वरचा पाऊस आखायचा. तो साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. मुलं पट्टी वर वर सरकवतात. भिंत संपते, पत्रा संपतो, तरी खूण काही येत नाही. शेवटी गुरुजी शाळेमागच्या झाडाच्या शेंड्याकडे बोट दाखवतात. दोन्ही ठिकाणं एकाच जिल्ह्यात! पर्जन्यछायेची, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या प्रदेशाची, व्याख्या घोकण्याआधी मुलांना हा धक्का बसायला हवा. मग कारण ती स्वतःच विचारतात. अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, चढताना गार होतात आणि पाणी तिथेच टाकून देतात. पलीकडे उतरताना वारा तापतो, कोरडा होतो आणि माणपर्यंत पोचतो तेव्हा त्याच्याकडे देण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

पाऊस मोजायला सरळ भिंतींची बरणी आणि पट्टी पुरते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. ज्यांच्या घरी टँकरच्या पाण्याचे हंडे मोजून भरतात, त्या मुलांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

[दृश्य: मातीचा सह्याद्री. एक मुलगा झारीनं पाणी ओततो.]

मैदानाच्या कोपऱ्यात मातीचा सह्याद्री उभा राहतोय. पश्चिमेला तुटलेला कडा, पूर्वेला लांबलचक उतार. माथ्यावर झारीनं पाणी सोडलं की काही पश्चिमेकडे झपकन कोसळतं, बाकीचं पूर्वेकडे रमतगमत निघतं. महाबळेश्वरला हेच होतं. सावित्री पश्चिमेला उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा उगमापाशी त्याच समुद्रापासून सुमारे 65 किलोमीटरवर असते, तरी ती पाठ फिरवते आणि सुमारे 1,400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत संगम माहुलीला वेण्णा भेटते, कऱ्हाडला कोयना. माणगंगा मात्र कृष्णेकडे सरळ येत नाही. मधे महादेवाची डोंगररांग आडवी आहे. ती भीमेकडे वळते आणि भीमेतून पुढे कृष्णेत येते. मुलं मातीत बोटानं ही रांग काढतात आणि पाणी वळतं. पाणी वळलं की वर्गात जो ओरडा होतो, तो प्रत्येक शिक्षकानं एकदा तरी ऐकावा.

[दृश्य: जमिनीवर अंथरलेला भारताचा नकाशा, त्यावर रंगीत दोरे.]

मुलांना जग माहीत नाही असं आपण धरून चालतो. माण-खटावमधल्या कितीतरी घरांतली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायात देशभर पांगली आहेत. पाटण-जावळीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईत माथाडी कामगार आहेत. अपशिंगेसारख्या गावातून घराघरातली मुलं सैन्यात जातात. मेंढपाळांची पोरं दिवाळीनंतर कळपाबरोबर घाट उतरून कोकणात जातात आणि पाणवठे, चढ-उतार, मुक्कामाच्या जागा त्यांना तोंडपाठ असतात. त्यांना भूगोलात कच्चं ठरवणारी परीक्षा तपासून पाहायला हवी. प्रत्येकानं आपल्या गावापासून काका, मामा, वडील राहतात त्या शहरापर्यंत दोरा लावायचा, एवढाच हा खेळ. केरळ, पंजाब, आसाम ही नावं मग राजधान्यांच्या यादीतली राहत नाहीत. आज तिकडे पाऊस आहे का, हे फोन करून विचारता येतं.

जुना नकाशाही फेकू नये. 2014 च्या जरा आधीच्या नकाशात पालघर ठाण्यातच आहे आणि जिल्हे 35. नव्यात 36. 1960 साली राज्य झालं तेव्हा 26 होते. दोन नकाशे शेजारी अंथरले की सीमा माणसं आखतात हे कळतं. आणि डोंगर दोन्हींत जागच्या जागी असतात.

[दृश्य: पुन्हा जिल्ह्याचा नकाशा. मुलं कृष्णेवर बोट ठेवून.]

असं शिकलेली मुलं प्रश्न विचारतात आणि ते प्रश्न पुस्तकाबाहेरचे असतात. कृष्णा आपल्याच जिल्ह्यात उगवते, मग आमच्याकडे टँकर का? उत्तर मातीच्या डोंगरात आहे: नदी खाली, माण वर, मधे चढ. पाणी स्वतःहून चढ चढत नाही. जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेत कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून खटावमधल्या नेर तलावाकडे आणि तिथून माणमध्ये आंधळीकडे आणलं जातं. मुलं नकाशावर ही वाट दोऱ्यानं दाखवतात. पंपाला वीज लागते, विजेचं बिल येतं, ते कुणी भरायचं, पाणी आधी कुणाच्या शेताला? तिसरीच्या वर्गात एवढं सगळं निघतं. गुरुजी सगळ्यांची उत्तरं देत नाहीत. काही प्रश्न ते फळ्यावर लिहून ठेवतात आणि मुलांना सांगतात, घरी आजोबांना विचारा, ही योजना यायच्या आधी आपल्या विहिरीला पाणी कुठवर टिकायचं.