भेग राहू द्या, आधी मान बघू

जुनी अकूस्टिक गिटार कुणी दाखवायला आणली की सगळ्यांची नजर पुढच्या फळीवरच्या भेगेवर जाते. मी आधी मान, म्हणजे खोक्यातून निघणारा लांब दांडा, बघतो.

सहा स्टीलच्या तारा सुरात लावल्या की सगळ्यांचा मिळून ७० ते ७५ किलोंचा ताण पडतो. वर्षानुवर्षं ही ओढ सोसून ब्रिजमागची (तारा फळीवर जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीमागची) फळी फुगते, मानेचा कोन ढळतो आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, वर उठतात. मग कुणीतरी सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, घासून तारा खाली आणतं. म्हणून बाराव्या फ्रेटवर जाड तार अडीच मिलिमीटरवर दिसली, तरी लगेच खूश होऊ नका. सॅडल ब्रिजच्या वर किती उरलंय ते बघा. ३ मिलिमीटर असेल तर उत्तम. नुसती कड दिसत असेल तर दुखणं दाबून ठेवलंय.

खात्री करायची तर, मान सरळ आहे हे बघून घ्या आणि मग स्टीलची पट्टी फ्रेटवर मधोमध ठेवून ब्रिजकडे सरकवा. टोक ब्रिजच्या माथ्यावर टेकलं तर कोन शाबूत आहे. माथ्याच्या खाली, ब्रिजच्या लाकडावर आदळलं, तर मान काढून पुन्हा बसवावी लागेल. (मार्टिन या अमेरिकी कंपनीच्या १९८५ पूर्वीच्या गिटारांत मान सरळ करण्यासाठी पिळता येणारी सळई नसते. तिथे मान वाकलेली असेल तर ते काम वेगळं आणि जास्त कष्टाचं.)

मान काढायची म्हटलं की लोक हबकतात. खरं तर जुन्या कारागिरांनी त्याची सोय करून ठेवलीय. मान डोव्हटेल, म्हणजे खाचेत अडकणाऱ्या, सांध्यात सरसानं बसवलेली असते. वाफ दिली की सरस मऊ होतो, सांधा सुटतो, टाच (मानेचं खोक्याला टेकणारं टोक) केसभर तासली की कोन जागेवर येतो. ज्यांनी हे वाद्य घडवलं त्यांनी ते कधीतरी उघडावं लागणार हे गृहीत धरलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

म्हणूनच मला भीती वाटते ती आधीच्या दुरुस्तीची. साउंडहोलमधून (फळीतल्या गोल भोकातून) छोटा आरसा आणि दिवा आत घाला. ब्रेसिंगच्या, म्हणजे फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या, कडेला चकचकीत, काचेसारखा ओघळ दिसला तर तो एपॉक्सी असू शकतो, म्हणजे सरसासारखा वाफेनं सहज न सुटणारा कृत्रिम गोंद. टाचेत स्क्रू ठोकलाय का बघा. बोटाच्या पेरानं फळीवर ठिकठिकाणी टकटक करा. कुठे खरखर आली तर आतली पट्टी सुटलीय. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकतो का, तेही तपासा.

माझ्याकडे एकदा दोन गिटारी एकाच आठवड्यात आल्या. एकीच्या फळीला वीतभर भेग होती, दुसरी दिसायला नवीकोरी होती. त्या नवीकोरीच्या सांध्यात एपॉक्सी ओतलेला होता. वाफ देऊन देऊन थकलो, शेवटी सांधा करवतीनं कापावा लागला. भेगवाली मात्र काही दिवस ४५ ते ५० टक्के दमटपणात ठेवली, तेवढ्यानं भेगेच्या कडा आपोआप जवळ आल्या. सरस भरला, आतून स्प्रूस लाकडाचे चार छोटे तुकडे चिकटवले. पुन्हा तारा चढवल्या तेव्हा भेग शोधायला दिवा तिरपा धरावा लागला.